भाकरी

भाकरी : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका इ. धान्यांच्या पिठात केवळ पाणी घालून, ते मळून, हाताने थापून आणि तव्यावर व नंतर विस्तवावर भाजून केलेला वाटोळा, चपटा खाद्यपदार्थ. दख्खनच्या पठारावरील कष्टकरी समाजाचे हे शतकानुशतकांचे मुख्य अन्न होय. भाकरीच्या पिठात आंबवण, तेल वा तूप घालीत नाहीत आणि ती बहुधा लाटण्याने लाटीत नाहीत. काही घरांत पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात. गुजरातीत ‘भाखरी’ हे नाव गव्हाच्या पिठात मोहन घालून लाटलेल्या खुसखुशीत पदार्थास आहे. मराठी भाकरीशी जुळणारा तेथील पदार्थ म्हणजे बाजरीचा रोटला. बेळगाव, निपाणी व उत्तर कर्नाटक या भागांत ज्वारीच्या भाकरीस कन्नडमध्ये ‘रोट्टी’ म्हणतात.

कोल्हापूर भागात ‘भाकरी’ हा शब्द विशेषण न लावता वापरला, तर तो सामान्यतः ज्वारीच्या भाकरीचा वाचक असतो. ज्वारीस तेथे जोंधळा आणि रब्बी ज्वारीस शाळू म्हणतात. पांढरी, पातळ, दोन पदर सुटलेली आणि गार झाल्यावरही घडी घातली असता न मोडणारी भाकरी उत्तम समजतात. मऊपणा ही भाकरीची मुख्य कसोटी असून ती साधणे हे पीठ, पाणी, हात आणि विस्तव या चारही गोष्टींवर अवलंबून असते.

प्रदेश व धान्य : कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि त्याबरोबर भाकरीचे धान्यही बदलते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या सह्याद्रीलगतच्या अतिवृष्टीच्या तालुक्यांत भात व नाचणी ही मुख्य पिके असल्याने तेथे तांदळाची व नाचणीची भाकरी रूढ आहे. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या पूर्वेकडील कमी पावसाच्या व काळ्या जमिनीच्या भागांत ज्वारी पिकत आली आहे. कोल्हापूर शहर या दोन पट्ट्यांच्या मध्ये वसलेले असल्याने तेथील बाजारात व स्वयंपाकघरात दोन्ही प्रकार आढळतात.

ज्वारी खरीप व रब्बी या दोन्ही हंगामांत घेतात. खरिपाचे पीक पक्व होताना पावसात सापडले, तर कणसावर बुरशी धरते, दाणा काळपट होतो आणि त्याची भाकरी करडी व बेचव होते. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. कोरड्या हवेत पक्व झाल्यामुळे त्याचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा व चमकदार राहतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण भाकरीच्या गुणवत्तेचा मानदंड मानला जातो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ इ. रब्बी वाण प्रसारित केले.

भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण ‘सीएसएच-१’ हा १९६४ मध्ये प्रसारित झाला. संकरित वाणांनी खरीप ज्वारीचे एकरी उत्पन्न पुष्कळ वाढविले. तथापि त्यांच्या दाण्याची भाकरी लवकर कडक होते व तिला गोडी नसते, अशी तक्रार ग्रामीण भागात सर्वत्र होती. ‘हायब्रीड’ हा शब्दच तेथे निकस या अर्थाने बोलीत रुळला. अधिक उत्पन्न आणि खाणाऱ्याची पसंती यांतील या अंतराची दखल पुढे संशोधनात घेतली गेली. हैदराबादजवळ १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ज्वारीच्या वाणांची परीक्षा करताना पिठाचा चिकटपणा, भाकरीचा रंग, पोत, चव व ती टिकण्याचा गुण यांचाही विचार केला.

पिठाचे गुणधर्म : गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन हा लवचिक पदार्थ तयार होतो व त्याच्या जाळ्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीच्या पिठात सु. १० टक्के प्रथिने असली, तरी त्यांतील मोठा भाग काफिरीन या जातीच्या प्रथिनांचा असतो. ही प्रथिने पाण्याला फारशी दाद देत नाहीत व त्यांचे जाळे बनत नाही. त्यामुळे ज्वारीचे पीठ थंड पाण्यात कितीही मळले, तरी ते ताणले जात नाही. लाटू गेल्यास कडा फाटतात. भाकरी लाटण्याऐवजी थापण्याची रीत पडली, तिचे कारण हेच होय. थापताना पीठ ताणले न जाता बोटांच्या दाबाने थोडेथोडे पुढे सरकते.

ग्लुटेनची उणीव स्टार्च भरून काढतो. ज्वारीच्या दाण्यात सु. ७० टक्के स्टार्च असतो. त्याचे कण साधारण ७०° से.च्या आसपास पाणी शोषून फुगतात व खळीसारखे चिकट होतात. उकळते पाणी पिठात पडताच त्याचे तापमान उतरते. त्यामुळे सर्व स्टार्च न शिजता त्याचा काही भागच चिकट बनतो आणि हा भाग उरलेल्या पिठाला बांधून ठेवतो. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ताज्या पिठात स्वाभाविक चिकटपणा पुरेसा असल्याने सवयीच्या हाताला कोमट पाणीही पुरते. पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा कमी होतो, त्याची ‘विरी गेली’ असे म्हणतात. अशा पिठाला उकळते पाणीच लागते.

दळण बारीक असावे लागते. बारीक दळताना स्टार्चाचे काही कण भंग पावतात व ते पाणी अधिक शोषतात. जाडसर पिठाची भाकरी थापताना चिरते. गिरणीतून आणलेले गरम पीठ डब्यात तसेच न भरता पसरून निवू देतात. ज्वारीचे पीठ आठ-पंधरा दिवसांना पुरेल इतकेच दळून आणण्याची रीत आहे. बाजरीत स्निग्ध पदार्थ सु. ५ टक्के, म्हणजे ज्वारीच्या अडीच पटींहून अधिक असल्याने तिचे पीठ त्याहूनही लवकर खवट व कडवट होते.

कृती : एका मध्यम भाकरीस ८० ते १०० ग्रॅ. पीठ लागते. पाण्याचे प्रमाण पिठाच्या वजनाच्या सु. ८० ते १०० टक्के असते. पिठाचा जुनेपणा व दळण यांप्रमाणे ते बदलते. पीठ चाळून परातीत वा लाकडी काठवटीत घेतात, मध्ये आळे करतात आणि त्यात आधणाचे पाणी बेताबेताने ओततात. प्रथम उलथन्याने वा चमच्याने कालवून पीठ दोन-तीन मिनिटे झाकून ठेवतात. हाताला सोसेल इतके निवाले म्हणजे मळण्यास आरंभ करतात.

मळण्याचे काम तळहाताच्या टाचेने, पीठ पुढे रगडून व पुन्हा गोळा करून केले जाते. गव्हाची कणीक एकदाच मळून ठेवतात. ज्वारीचे पीठ मात्र एकेका भाकरीपुरते वेगळे घेऊन थापण्यापूर्वी पुन्हा मळावे लागते, कारण ते ठेवल्यास कोरडे पडते. गोळा दाबला असता कडेला भेगा पडल्या नाहीत, म्हणजे मळणे पुरेसे झाले असे समजतात. भेगा पडल्यास पाण्याचा हात लावून पुन्हा रगडतात.

परातीत कोरडे पीठ पसरून त्यावर गोळा ठेवतात. एका हाताच्या बोटांनी व तळव्याने थापीत, दुसऱ्या हाताने कडेला आधार देत भाकरी फिरवीत नेतात. प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी वळली पाहिजे. ती परातीला चिकटली तर वळत नाही आणि एकाच जागी पातळ होऊन फाटते. मध्यापेक्षा कडा जाड राहण्याचा दोष नवशिक्यांच्या भाकरीत नेहमी आढळतो. तो टाळण्यासाठी थाप मध्यातून कडेकडे नेतात. तयार भाकरी सु. १८ ते २२ सेंमी. व्यासाची व २ ते ३ मिमी. जाडीची असते. काही स्त्रिया परातीचा उपयोग न करता दोन्ही हातांवरच भाकरी थापून वाढवितात. हे कौशल्य दीर्घ सवयीनेच येते.

तवा लोखंडी वा मातीचा (खापराचा) असून तो आधी चांगला तापलेला असावा लागतो. भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकतात आणि त्या बाजूवर लगेच पाण्याचा हात फिरवितात. या पाण्यामुळे वरचे कोरडे पीठ भिजते, त्यातील स्टार्च शिजून पृष्ठभागावर अखंड पातळ थर बनतो व बारीक चिरा बुजतात. पाणी सुकत आले, परंतु पुरते वाळले नाही, अशा वेळी भाकरी उलटतात. दुसरी बाजू तव्यावर पूर्ण भाजतात. नंतर तवा बाजूला करून पहिली बाजू निखाऱ्यासमोर वा गॅसच्या ज्योतीवर धरतात. तोपर्यंत दोन्ही पृष्ठभाग घट्ट झालेले असतात. आतील पाण्याची वाफ बाहेर जाण्यास वाट न मिळाल्याने ती दोन थर अलग करते आणि भाकरी टम्म फुगते. चुलीवर भाजताना तवा चुलीवर असतानाच आधीची भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी करून फिरवितात. त्यामुळे एका वेळी दोन भाकऱ्यांचे काम चालते. आराची धग सर्व बाजूंनी सारखी लागत असल्याने चुलीवरील भाकरीस वेगळी खरपूस चव येते.

दोष व त्यांची कारणे : थापतानाच भाकरी चिरत असेल, तर पीठ जुने आहे, पाणी थंड पडले आहे किंवा मळणे अपुरे आहे. तव्यावर पाणी लावल्यानंतर वरची बाजू तडकली, तर उलटण्यास उशीर झाला असे समजावे. पाणी ओले असतानाच उलटल्यास भाकरी तव्याला चिकटते. भाकरी फुगत नसेल, तर तिला कोठे तरी छिद्र वा चीर पडलेली असते, जाडी असमान असते किंवा दुसरी बाजू कच्ची राहिलेली असते. तवा मंद असल्यास भाजण्यास वेळ लागतो, आतील पाणी उडून जाते आणि फुगलेली भाकरीही वातड होते. लावण्याचे पीठ जास्त झाल्यास ते करपून कडवट चव येते. पातळपणाच्या हौसेने फार थापलेली भाकरी गरम असताना चांगली लागते, पण तासाभरात पापडासारखी होते.

मऊपणा टिकविणे : भाजलेली भाकरी गार होऊ लागली की फुगलेल्या स्टार्चाचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट रचना करतात आणि भाकरी कडक होत जाते. ही क्रिया केवळ पाणी उडाल्याने होत नाही; बंद डब्यातील भाकरीही कालांतराने ताठर होते. शीतकपाटातील तापमानास ती अधिक वेगाने होते, म्हणून भाकरी तेथे ठेवणे हितावह नसते. पुन्हा तापविल्यास हा कडकपणा काही अंशी व थोडा वेळ नाहीसा होतो. भाजताच भाकरी क्षणभर वाफ जाऊ देऊन सुती फडक्यात गुंडाळतात व बांबूच्या टोपलीत ठेवतात. कोल्हापूर भागात या टोपलीस बुट्टी म्हणतात. फडके जादा ओलावा शोषते आणि बुट्टीच्या विणीतून हवा खेळते. गरम भाकऱ्या धातूच्या डब्यात कोंडल्यास खालच्या भाकऱ्या ओलसर व चिकट होतात.

शिळी भाकरी वाया जात नाही. ती दुधात वा ताकात कुस्करून किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन न्याहारीस घेतात. उलट, सोलापूर भागात व सीमेपलीकडे कर्नाटकात भाकरी मुद्दाम अतिशय पातळ थापून वाळवितात. ही कडक भाकरी प्रवासात अनेक दिवस टिकते व आता व्यापारी प्रमाणावरही विकली जाते.

प्रकार : बाजरीची भाकरी थंडीच्या दिवसांत अधिक खातात, मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीस, ती तीळ लावून करतात. नाचणीची भाकरी काळसर तांबूस व पोटभरीची असते. तांदळाची भाकरी कोकण, गोवा व सह्याद्रीलगतच्या भागात रूढ आहे. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. कोल्हापुरात भाकरीबरोबर झुणका किंवा पिठले, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा-लसूण चटणी, पालेभाजी, आमटी व दही हे नेहमीचे जेवण असते. मटणाच्या तांबड्या व पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाण्याची तेथील पद्धत प्रसिद्ध आहे. मऊ भाकरी रस्सा लवकर शोषून घेते.

पोषणमूल्य : १०० ग्रॅ. ज्वारीत सु. १०·४ ग्रॅ. प्रथिने, १·९ ग्रॅ. स्निग्ध पदार्थ, ७२·६ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व ४·१ मिग्रॅ. लोह असते आणि तीपासून सु. ३४९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. नाचणीत कॅल्शियमाचे प्रमाण १०० ग्रॅ.मध्ये सु. ३४४ मिग्रॅ. इतके, म्हणजे ज्वारीच्या तेरा पटींहून अधिक असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. ते डाळींत भरपूर असल्याने भाकरी व पिठले किंवा भाकरी व आमटी ही जोडी आहारदृष्ट्या परस्परपूरक ठरते. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनमधील गरीब लोकांत पूर्वी पेलाग्रा हा रोग आढळे. ज्वारीतील ल्युसीनाच्या आधिक्याशी त्याचा संबंध असावा, असे मत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. त्यावर पुढे मतभेद झाले. तथापि एकाच धान्यावर विसंबलेल्या दरिद्री आहाराशी या रोगाचा संबंध होता, हे निश्चित आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत ग्लुटेन नसल्याने ज्यांना ते सोसत नाही, अशा रुग्णांस भाकरी उपयुक्त ठरते. मात्र ज्या गिरणीत गहू दळतात, तेथील पिठात गव्हाचा अंश मिसळण्याचा संभव असतो.

श्रम व समाजजीवन : भाकरी हे कमी साधनांचे अन्न आहे, पण कमी श्रमाचे नाही. गिरण्या येण्यापूर्वी पहाटे जात्यावर दळण्यापासून तिचा आरंभ होई आणि हे काम सर्वस्वी स्त्रियांचे असे. जात्यावरील ओव्यांचे विपुल लोकवाङ्मय या श्रमातूनच उपजले. भाकऱ्या एकामागून एक थापाव्या लागत असल्याने मोठ्या कुटुंबातील स्त्रीला चुलीच्या धुरात व धगीत रोज दीर्घ काळ बसावे लागे. गिरणी व गॅस यांनी या कष्टांपैकी पुष्कळ कमी केले, हे भाकरीच्या इतिहासातील मोठे परिवर्तन होय. थापण्याचे कौशल्य मात्र अजूनही पाहून व करूनच शिकावे लागते. शहरांत अनेक स्त्रिया खाणावळींना व घरोघरी भाकऱ्या करून देऊन उपजीविका करतात; थापण्याचे व भाजण्याचे काम करणारी यंत्रेही आली आहेत.

मराठीत भाकरी हा शब्द उपजीविका या अर्थाने वापरतात. ‘चतकोर’ हे भाकरीच्या चौथ्या भागाचे नाव, दृष्ट काढण्यासाठी ओवाळून टाकावयाचा ‘भाकरतुकडा’, साधेपणाची द्योतक ‘मीठभाकर’ आणि दुसऱ्याचे काम फुकट करण्यासाठी ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ ही भाषेतील तिची काही रूपे. महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती. ती योजना पुढे बंद पडली.

सद्यःस्थिती : १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानांतून अमेरिकेची लालसर मिलो ज्वारी वाटण्यात आली, तिची भाकरी लोक नाइलाजाने खात. त्यानंतरच्या काळात गहू व तांदूळ सर्वत्र स्वस्त व सुलभ झाले, सिंचनाखालील जमीन उसाकडे वळली आणि ज्वारीचे क्षेत्र उत्तरोत्तर घटले. कोल्हापूर जिल्ह्यात हा बदल विशेष ठळक आहे. परिणामी गरिबांचे समजले जाणारे हे धान्य बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळते आणि अनेक घरांत रोजच्या भाकरीची जागा चपातीने घेतली आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमात (२०१३) भरड धान्यांचा समावेश आहे. प्रत्यक्ष वाटप मात्र मुख्यतः गहू व तांदूळ यांचेच होत आले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यामुळे ज्वारी-बाजरीकडे नव्याने लक्ष वेधले गेले. रब्बी ज्वारी कमी पाण्यावर येते आणि तिच्या कडब्यावर जनावरे पोसली जातात. त्यामुळे भाकरीचा प्रश्न हा केवळ आवडीनिवडीचा नसून अवर्षणप्रवण प्रदेशाच्या शेतीचाही आहे. ज्वारी पिकविणाऱ्यास परवडणारा भाव आणि घरात भाकरी थापण्याचे कौशल्य या दोहोंवर भाकरीचे नित्याच्या आहारातील स्थान अवलंबून राहील.